एफ रिकामाच होता

मी स्वतःला फार व्यवस्थित माणूस समजायचो. गोंदियात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवायला होतो, आणि चार पोरं समोर वही उघडून बसली की आपल्याला सगळं येतं असं वाटायला वेळ लागत नाही. साल दोन हजार सहा असेल. कुडव्याला आमचं दोन खोल्यांचं घर. बाबा पाटबंधारे खात्यात नोकरीला, धाकटा भाऊ कॉलेजात, आई घरी. बाहेरच्या खोलीत खिडकीशी एक कॉम्प्युटर होता, गावातल्या दुकानातून सुटे भाग जोडून घेतलेला. त्याच्यावर आईनेच शिवलेलं फुलाफुलांचं आवरण असायचं.

त्यात चाळीस जीबीची हार्डडिस्क होती. डिस्क एकच, पण दुकानदाराने आत कुंपणं घालून तिचे चार भाग पाडून दिले होते: सी, डी, ई आणि एफ. सीमध्ये विंडोज. तिथे आपलं काहीही ठेवायचं नाही, हा त्या काळचा आमच्याकडचा धर्मच होता, कारण दर दोन-तीन महिन्यांनी कोणाच्या तरी पेनड्राईव्हमधून व्हायरस यायचा आणि दुकानदार तोंडातला सुपारी-तंबाखूचा खर्रा सांभाळत सांगायचा, "फॉरमॅट मारना पडेगा." मग सी धुऊन निघायचा. म्हणून डी बाबांचा झाला: अर्ज, फोटो, ऑफिसचे नमुने. ई धाकट्याचा: गाणी आणि सिनेमे. एफ कोणाचाच नव्हता. सगळ्यांच्या कॉम्प्युटरला चार भाग असतात म्हणून आमच्याही कॉम्प्युटरला चौथा होता, एवढंच.

नागपूरच्या एका मित्राने डोक्यात भरवलं होतं, की लिनक्स येत असेल तर हैदराबादला नोकरी ठेवलेलीच आहे. एका मासिकाबरोबर लिनक्सची सीडी फुकट आली. विंडोज काढून टाकलं असतं तर घरात महाभारत झालं असतं, म्हणून दोन्ही एकाच डिस्कवर ठेवायचं ठरवलं. कॉम्प्युटर सुरू झाला की त्याने विचारायचं, कोणतं चालवू? जे हवं ते निवडा. यासाठी लिनक्सला स्वतःची जागा हवी, आणि ती जागा एफ देणार हे उघड होतं.

आठ दिवस मी नुसता कागदावर नांगर फिरवत होतो. आलेखाचा कागद आणला, त्यावर पट्टीने लांब चौकोन काढला आणि पेन्सिलीने भाग पाडले. एफचे सात जीबी. त्यातले चार लिनक्सच्या मुख्य भागाला, अर्धा स्वॅपला, उरलेले माझ्या फायलींना. स्वॅप म्हणजे मशीनची मेमरी कमी पडली तर डिस्कवरची हातउसनी जागा. ती मेमरीच्या दुप्पट ठेवावी असा तेव्हाचा ठोकताळा होता. पाडलेले भाग मी खोडले, पुन्हा पाडले. बाबा एकदा मागे उभं राहून बघत होते. शेताच्या बांधांसारख्या त्या रेघा पाहून म्हणाले, "एवढे धुरे पाडशीन त पिकन काय?"

मला भीती होती ती भारनियमनाची. कुंपणं हलवत असताना वीज गेली तर अख्खी डिस्क जायची. मी लाईट जाण्याचं वेळापत्रक उतरवून घेतलं, रविवारी अकरा ते दोनची वेळ काढली, शेजाऱ्याकडून दुसरा यूपीएस मागून आणला. डी आणि ई वाचावेत म्हणून त्या दोघांच्या सीड्या काढल्या. इतकी काळजी मी स्वतःच्या परीक्षेचीही घेतली नव्हती.

घरात सगळ्यांना विचारलंसुद्धा. जेवताना जाहीर केलं, "एफ मी घेऊन राहिलो. कोणाचं काही हाये का त्यात?"

"मले कायले विचारतेस?" बाबा म्हणाले. "डीले हात नको लावू, बस."

"ईमधलं एक गाणं गेलं तर पाहा दादा," धाकट्याने दम दिला.

झालं. सगळ्यांना विचारून झालं. सगळे म्हणजे दोघे, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. आई तेव्हा सौंदडला, माहेरी गेली होती. दर वर्षी मामाच्या रोवणीला, म्हणजे भातलावणीला, ती दहा-बारा दिवस जायची. ती घरात असती तरी मी तिला विचारलं असतं का? नसतं विचारलं. आवरण शिवण्यापलीकडे तिचा त्या मशीनशी काही संबंध असेल असं आमच्या तिघांपैकी कोणाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

शेवटची खात्री म्हणून मी एफवर उजवं बटण दाबून त्याची माहिती पाहिली. गोल चकती पूर्ण गुलाबी, म्हणजे सगळी जागा मोकळी. भरलेली जागा दाखवणारा निळा रंग रेघेएवढाही नव्हता. आकडा साठ-सत्तर एमबीचा होता, पण एवढी जागा विंडोज रिकाम्या ड्राईव्हवरही स्वतःच्या कामासाठी अडवतं. हे मला माहीत होतं, मी ते पोरांना शिकवायचो. त्यामुळे एफ उघडून पाहिला नाही. उघडायला दोन क्लिक लागल्या असत्या.

रविवारी सगळं मनासारखं झालं. वीज गेली नाही, यूपीएसची गरज पडली नाही. एफ काढला, त्या जागी माझे तीन भाग पाडले, लिनक्स बसवलं. दुपारी काळ्या पडद्यावर दोन नावं आली, वर लिनक्स, खाली विंडोज, आणि मी धाकट्याला समोसे आणायला पाठवलं. पुढचे पाच दिवस मी तिथेच चिकटून होतो. हे बसव, ते बसव, ते काढ.

आई शुक्रवारी पॅसेंजरने आली. पिशवीत पोहे आणि वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. बोटं चिखलाने फाटलेली. शनिवारी दुपारी मी क्लासचं हजेरीपुस्तक घरी विसरलो म्हणून परत आलो. दार नुसतं लोटलेलं होतं. ढकललं, तर आई कॉम्प्युटरसमोर बसलेली.

आवरण घडी करून बाजूला ठेवलेलं. दोन्ही हात कीबोर्डवर. समोर काळा पडदा आणि दोन नावं.

मला खरंच वाटलं की ती पुसायला बसली आहे.

"दोन दोन नावं काऊन येऊन राहिले?" तिने मान न वळवता विचारलं. "कोणतं दाबू?"

"खालचं," मी म्हणालो.

तिने खाली जायचा बाण दाबला, एंटर दाबलं. विंडोज सुरू होईपर्यंत हात मांडीवर ठेवून बसली. सुरू झालं तसा माऊस धरला. नव्या माणसाचा माऊस टेबलावरून घसरतो, उचलावा लागतो, बाण कोपऱ्यात जाऊन बसतो; मी रोज वीस पोरांचे हात पाहायचो. तिचा हात तसा नव्हता. तो सवयीचा हात होता. मी दारातच उभा राहिलो, बूट काढायचं भान राहिलं नाही. माझ्या घरात, माझ्या टेबलावर, माझी आई कॉम्प्युटर चालवत होती आणि मी तो शिकवून पोट भरत होतो.

तिने माय कॉम्प्युटर उघडलं. सी, डी, ई. त्यापुढे सीडीचं चित्र. तिने बाण पुन्हा एकदा सगळ्यांवरून फिरवला.

"शेवटचा कुठं गेला?"

"तो मी घेतला माय. लिनक्ससाठी. रिकामाच होता तो."

"रिकामा नोहता," ती म्हणाली. "माझं होतं त्यात."

"काय होतं?"

"लिवलेलं."

मी हसलो. हे मी लपवत नाही, मी हसलो. मला वाटलं पाककृती असतील, नाहीतर महिला मंडळाचा एखादा अर्ज. विचारलं, किती पानं होती? तिने पडद्याच्या खालच्या पट्टीकडे बोट दाखवलं, जिथे फाईल उघडली की पानांचा आकडा दिसतो. "तिथं पासष्ट येत होतं." मग जरा थांबून म्हणाली, "दोन साल झाले लिवून राहिली."

पाच दिवस मी त्याच जागेवर सॉफ्टवेअर ओतत होतो. पुसलेलं परत मिळवायचं असेल तर त्या जागेवर नवं काही लिहायचं नसतं. मी पोटभर लिहिलं होतं.

मी विचारत गेलो आणि ती सांगत गेली. रागावून नाही. धाकट्याचे कपडे कुठे वाळत घातले ते सांगावं, त्या आवाजात. दोन-तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे घरी दोन मुली मराठी टायपिंग शिकायला यायच्या. त्याच खोलीत आई तांदूळ निवडत बसायची. मी तिला दोनदा म्हटलं होतं, सुपाचा आवाज होतो, आत जाऊन पाखड. ती आत गेली नव्हती. कोणतं अक्षर कोणत्या बोटाखाली, फाईल कशी उघडायची, कशी जतन करायची, सगळं तिने ऐकून घेतलं होतं. आम्ही तिघे बाहेर पडलो आणि लाईट असली की दुपारी बसायची, आम्ही यायच्या आधी आवरण घालून मोकळी.

"दुसरीकडं कुठं ठेवलं असशीन नं? कॉपी करून?" मी विचारलं.

"कॉपी नाई केली. सीमधून कापून शेवटच्यात लावलं. तूच त सांगत होता पोरीईले."

मी सांगत होतो, खरंच. कट-पेस्ट त्या मुलींच्या डोक्यात शिरेना, तेव्हा मी एक नामी दाखला शोधला होता आणि त्यावर खूष होतो: कट-पेस्ट म्हणजे रोवणी. पऱ्ह्यातून, म्हणजे रोपांच्या वाफ्यातून, रोप उपटायचं, बांधीत, म्हणजे भातखाचरात, नेऊन लावायचं, मागे काही उरत नाही. मुलींना पटकन समजलं. शेजारी सूप घेऊन बसलेल्या बाईला त्याहून पटकन समजलं, कारण तिने चाळीस वर्षं रोवणी केली होती.

"पण एफमध्ये कायले नेलं? डीत ठेवायचं होतं," मी चिडून म्हणालो. चूक माझी होती, तरी चिडलो मीच.

"डीत तुझ्या बाबाचा हात जाते. ईत लहान्याचा. शेवटच्यात कोणाचा हात जात नोहता." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "बियाचं धान कोणी खायच्या धानात ठेवते का?"

सौंदडला मामाकडे मी ते लहानपणापासून पाहत आलो होतो. खाण्याचं धान पुढच्या खोलीत, रोज हात घालायचं. बियाणं मागच्या अंधाऱ्या खोलीत, वेगळ्या ढोलीत, शेणाने तोंड लिंपून. तिकडे आम्ही पोरं नुसतं फिरकलो तरी पाठीत धपाटा बसायचा. आईने तिच्या पद्धतीने सगळ्यात सुरक्षित जागा निवडली होती. मी माझ्या पद्धतीने सगळ्यात रिकामी जागा निवडली होती. जागा एकच होती.

"आम्हांले सांगतलं काऊन नाही?"

"सांगतलं असतं त वाचलं असतं तुम्ही."

संध्याकाळी बाबा आले, त्यांना मी सांगितलं. ते चप्पल न काढता खाटेवर बसले. मग आत स्वयंपाकघराकडे तोंड करून त्यांनी विचारलं, "माह्याबद्दल होतं काय त्यात?"

आतून आवाज आला, "होतं."

बाबांनी चप्पल काढून खाटेखाली सारली. मी आजवर माझ्या बापाचा चेहरा असा पडलेला पाहिला नव्हता.

सोमवारी क्लासला दांडी मारली. डिस्क काढली, टॉवेलात गुंडाळली आणि गाडीच्या डिक्कीत न ठेवता शर्टाच्या आत धरून शहरात गेलो. तिथे एक जण गेलेला डेटा काढून द्यायचा. सगळं ऐकून त्याने डोक्याला हात लावला. "सर, आप तो खुद सिखाते हो. फॉरमॅट के ऊपर इन्स्टॉल मार दिया, फिर पाँच दिन चलाया. अब क्या मिलेगा? था क्या इसमें?"

"माँ का लिखा हुआ," मी म्हणालो.

"माँ का? टाइप किया हुआ?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला त्याचाही राग आला. पण परवा दुपारी दारात उभा असताना माझंही तोंड असंच झालं असणार.

दोन दिवस त्याचा प्रोग्राम डिस्क खरवडत होता. बाहेर आल्या त्या हजारो फायली, नाव नसलेल्या, नुसते नंबर. त्या मी एकेक करून उघडल्या. बहुतेक माझाच लिनक्सचा केरकचरा. बुधवारी दुपारी एक फाईल उघडली, त्यात इंग्रजी अक्षरांचा निरर्थक गोंधळ होता; स्वल्पविराम, कंस, उलटेसुलटे. आमच्याकडचे मराठी फॉन्ट तेव्हा असेच असायचे, फॉन्ट लावला नाही तर मराठी तशी दिसायची. सगळं निवडून फॉन्ट लावला. अक्षरं उभी राहिली.

दीड पान होतं. पासष्टमधलं दीड. मधूनच सुरू होत होतं आणि मधूनच तुटत होतं.

तिने लिहिलं होतं: "सातवीपासूनची वही होती. लग्नात सौंदडहून ट्रंकेत साड्यांखाली घालून आणली. घरात कोणाले माहीत नव्हती. दुपारी सगळे बांधीत गेले का लिहायची. थोरला तीन वर्षांचा होता. मी पाण्याले गेली, येऊन पाहते त ट्रंक उघडी, आणि हा अंगणात बसून शेळीले एक एक पान चारून राहिला. शेळी खाय, हा हसे. सासू म्हणे, कागद त होता. मी त्याले मारलं नाही. तीन वर्षांच्या लेकराले काय समजते. मग मनात म्हटलं, पोरं मोठी होऊ दे, त्याईले समजाले लागलं का लिहीन. आता मोठी झाली. शिकली. थोरला त दुसऱ्याईले शिकवते. आता त्याले सगळं समजते. आता"

त्यापुढे नुसते चौकोन होते.

थोरला म्हणजे मी. शेळी मला आठवत होती, काळी होती, एका कानाला पांढरा ठिपका. वही आठवत नव्हती. तीन वर्षांचं काय आठवणार? मी त्या दुकानात स्टुलावर बसलो होतो, शेजारी दुकानदार कोणाला तरी प्रिंटरची शाई विकत होता. दुकानदाराने विचारलं, "मिला क्या?" मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, त्यालाही कळलं नसेल.

दीड पान छापून घेतलं. घरी जाताना रेल्वे फाटकाशी गाडी थांबवून ते पुन्हा वाचलं. फाडून टाकावं आणि काहीच मिळालं नाही असं सांगावं, हा विचारही मनात आला. पण तिसऱ्यांदा माझ्या हाताने तिचा कागद जाणं, तेवढी हिंमत माझ्यात नव्हती.

आई ओसरीत बसली होती. कागद हातात दिले. तिने पदराने चष्मा पुसला, लावला, दोन्ही कागद शेवटपर्यंत वाचले. एका जागी नख ठेवून म्हणाली, "इथली एक ओळ गेली." मग चारदा दुमडून कागद कमरेला खोचले. मी काय वाचलं, मला काय वाटलं, यातलं तिने काहीही विचारलं नाही. मला मात्र बोलायचं होतं, आणि माझ्याकडे बोलायला एकच गोष्ट होती. मी खिशातून आलेखाचा कागद काढला. फाटकाशी उभ्या उभ्याच त्यावर नवी आखणी केली होती.

"माय, मी लिनक्स काढून टाकतो. हे पाय, हा भाग तुझा. पासवर्ड घालून देतो, बाबाचा नाही, लहान्याचा नाही, कोणाचाच हात लागन नाही. दर रविवारी सीडी काढून देतो. तू पुन्हा सुरू कर."

तिने कागद घेतला. चष्म्यातून नीट पाहिला, तिचा चौकोन कोणता ते बोटाने विचारून घेतलं. मी भाग बरोबर पाडले होते, बेरीजही जुळत होती. मग तिने तो माझ्या हातात परत दिला.

"आता कायले?" ती म्हणाली. "शेळी गेली, पण तू अजून घरीच हायेस ना."